बैलाच्या पोटाखालची जागा

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास कशासाठी असतो? गणिताच्या सरांना घ्यायला. सर्वेक्षणाला शिक्षक गेले, द्या चित्रकलेचा तास. संमेलनाची तालीम, द्या चित्रकलेचा तास. मुलांची वजन-उंची घ्यायला नर्सबाई आल्या, तरी माझ्याच तासाला. वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे)च्या अलीकडे एका गावच्या शाळेत मी सगळी नोकरी अशा ओरबाडलेल्या तासांवर काढली. पण मीही आंजी गावची आहे, सहजी हटणारी नव्हे. मधली सुट्टी संपायच्या आतच वर्गात जाऊन बसायची आणि दाराला आतून कडी लावायची. गणिताचे सर बाहेरून टकटक करायचे. मी आतून ओरडायची, "तास सुरू झाला!"

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "मॅडम, तुमच्या कलासाधनेवर लिहा." साधनाबिधना मला जमली नाही. मी एक गोष्ट शिकवली आणि ती दातात धरून ठेवली. वस्तू काढायची असेल तर वस्तूकडे पाहू नका, तिच्या आजूबाजूला सुटलेल्या जागेकडे पाहा. एवढीच ती गोष्ट. पुस्तकात वस्तूला पॉझिटिव्ह स्पेस म्हणतात आणि सुटलेल्या जागेला निगेटिव्ह स्पेस. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर ते शब्द वाचले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, लहान मुलं आहेत. त्यांना निगेटिव्ह काही शिकवत जाऊ नका." मी म्हटलं, "बरं साहेब." त्या दिवसापासून आमच्या वर्गात 'भरलेली जागा' आणि 'सुटलेली जागा' असेच शब्द चालले.

आता बाहेरच्यांना हे सोपं करून सांगते. मुलाला स्टूल काढायला सांगा. तो स्टुलाकडे एकदा पाहील आणि मग कागदात डोकं घालून चार पाय काढील, चारही सारखे, चारही सरळ. कारण स्टुलाला चार पाय असतात हे त्याला ठाऊक आहे. तो डोळ्यांनी काढत नाही, माहितीनं काढतो. म्हणून मी स्टूल टेबलावर उलटं ठेवायची आणि सांगायची, स्टूल काढायचंच नाही. पायांच्या मधून मागची भिंत दिसते ना, त्या भिंतीचे तुकडे काढा. एक तुकडा तिरपा असेल, एक बारीक चिरफळीएवढा असेल. ते तुकडे काळे करा. सगळे तुकडे काळे झाले की कागदावर जे पांढरं उरतं ते स्टूल असतं, आणि ते बरोबर असतं. पहिल्यांदा ते उगवून येताना पाहिलं की पोट्टे ओरडायचे. त्या ओरडण्यासाठी मी नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल.

पण दर वर्षी पहिल्या दिवशी कुणीतरी हात वर करायचंच. "मॅडम, जिथं काईच नाई, ते काऊन काढाचं?" मी म्हणायची, "काही नाही कसं? तिथं भिंत आहे ना बापा. आधी काढ, मग भांड."

काळा रंग फार लागायचा. एक आई तर रंगाची डबी घेऊन शाळेत आली, खरोखरच. माझ्यासमोर डबी उघडून म्हणाली, "मॅडम, लाल तसाच हाय, हिरवा तसाच हाय, पिवळ्याले तं हातच नाई लागला. काळाच काऊन संपते? घरात काई वाईट वळण लागलं का पोट्ट्याले?" मी तिला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून रंग बंद करून कोळसा सुरू केला. चुलीतला कोळसा प्रत्येकाकडे असतो. मग हेडमास्तर आले. कागद काळे, बाकं काळी, मुलांची तोंडं काळी. ते नुसते म्हणाले, "छान," आणि निघून गेले. तर आमचा नियम ठरला होता, कोळशानं काळं केलं की ती सुटलेली जागा. पुढे जे घडलं त्यात हा नियम आडवा आला, म्हणून सांगून ठेवते.

खंतही सांगते. एवढ्या मुलांना शिकवलं, त्यातल्या बहुतेकांनी दहावीनंतर पेन्सिल फक्त कानावर ठेवायला वापरली. माझ्या जागी नवा शिक्षक आला नाही. चित्रकलेच्या खोलीत आता पोषण आहाराचे तांदूळ ठेवतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण पायलची गोष्ट आठवली की माझी मान पुन्हा ताठ होते.

पायल ही गजाननभाऊ वाढईंची मुलगी. वाढई म्हणजे सुतार. आठवीत असताना तिनं सायकल काढली होती, नुसत्या आऱ्यांमधल्या फटी काढून. मी तो कागद वर्गात लावला तर ती उठून म्हणाली, "मॅडम, खालची एक फट चुकली, काढा तो." अशी पोरगी. बारावी झाल्यावर ती बापाच्या दुकानात बसू लागली. बसू लागली म्हणजे पाट, पोळपाट आणि लहान मुलांचे लाकडी बैल घासू लागली.

लाकडी बैल कशाला, तर आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पहिला दिवस खऱ्या बैलांचा, दुसरा लेकरांचा. चाकांच्या पाटीवर उभा केलेला लाकडी बैल सजवायचा, दोरीनं ओढत तोरणाखाली न्यायचा. तिथं परीक्षक असतात, बक्षिसं असतात, आणि घरोघर पोरांच्या हातावर खाऊ-पैसे ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. घरचे बैल वीतभर ते हातभर. पण वस्तीचा म्हणून एक मोठा बैल असतो, तो दहा-बारा पोरं मिळून ओढतात. आमच्या गावात एक जुना बैल होता, त्याला वाळवी लागली होती, आणि नव्याचं काम पोळ्याच्या मंडळानं गजाननभाऊंना सांगितलं होतं. भाऊंचा बैल म्हणजे एका ओंडक्याचा. शिंगं आणि कान वेगळे, बाकी कुठं जोड नाही. तालुक्यात त्यांना ओळखायचे ते यासाठी.

लाकूड आलं, सागाचा जुना देखणा ओंडका. आणि त्याच उन्हाळ्यात भाऊंना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला. जीभ थोडी जड झाली, पण चालायची.

मंडळाचे अध्यक्ष बंडूभाऊ दुकानात आले. माणूस वाईट नाही, घाईचा आहे. खाटेजवळ उभे राहून म्हणाले, "भाऊ, तुम्ही आराम करा. नागपूरले फायबरचा तयार भेटते. हलका राह्यते, वाळवीची भानगड नाई. पोळ्यापावतर लाकडाचा झाला तं ठीक. नाई झाला तं फायबरचा आणू, अन् मंग दरसालची कटकटच नाई."

ते गेल्यावर भाऊ पायलला म्हणाले, "हिंगणघाटच्या पुतण्याले फोन लाव. हत्यारं घेऊन जा म्हणा. दुकान बंद करू."

"मी करतो ना बैल."

आमच्याकडच्या काही पोरी 'करतो' असंच म्हणतात, तीही म्हणायची.

"पोळपाट घासणं येगळं, पायल. हे लाकूड एक डाव चुकलं का गेलं."

"नाई चुकणार. बाबा, हत्यारं नोका देऊ. बैल झाला तं दुकान माहं. नाई झाला तं मी सोता हिंगणघाटले पोचवून देतो हत्यारं."

भाऊंनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "कर. पण जोड देऊ नोको. जोडाचा बैल या दुकानातून जाणार नाई."

हे सगळं मला तिनं शाळेत येऊन सांगितलं आणि वर म्हणाली, "मॅडम, आता तुमच्या त्या फटी कामी येते का नाई ते पाहू." मला हसू आलं, पण धास्तीही वाटली. लाकडाचं काम म्हणजे सुटलेल्या जागेचंच काम असतं. बैल काही लाकडाला चिकटवायचा नसतो. जिथं बैल नाही तेवढं काढून टाकायचं असतं. आणि काढलेलं पुन्हा लावता येत नाही, आमचं खोडरबर तिथं चालत नाही.

तिनं ओंडक्याच्या बाजूवर खडूनं बैल काढला. सुंदर काढला होता, मी पाहिला. मानेखालची जागा, पुढच्या आणि मागच्या पायांमधली पोटाखालची जागा, कमरेवरची जागा, सगळं कोळशानं काळं केलं, शाळेत करायची तसं. हे काळे भाग आधी आरामशीनवर मोठ्या पात्यानं काढून घ्यायचे आणि उरलेलं घरी पटाशीनं कोरायचं, असा बेत. ओंडका टेम्पोत घालून रफीकभाईंच्या आरामशीनवर पाठवला. "खुणा केल्या आहेत, तसं कापा," असा निरोप दिला. ती मागून सायकलनं निघाली आणि वाटेत चेन पडली.

दुपारी मी सातवीच्या वर्गावर होते. दारात पायल उभी. केसांत भुसा, डोळे लाल.

"मॅडम, पाय गेला."

"कुणाचा गं?"

"बैलाचा."

मी वर्गाला कोळसा देऊन तिच्यामागून निघाले. आरामशीनवर ओंडका आडवा पडला होता. दोन उभे काप, छिन्नीचा घाव, आणि पुढचे दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली साफ. तेवढ्यात पायल पोहोचली होती म्हणून बाकीचं वाचलं. रफीकभाई डोक्याला हात लावून बसले होते.

"मॅडम, मेरी क्या गलती? आमच्याकडे गिऱ्हाईक काळं करते ते ठेवाचं राह्यते. कोरं राह्यलं ते कापाचं. सगळे वाढई असंच करून आणते. गजाननभाऊ भी असंच करते!"

आणि ते खरं होतं. आरामशीनवर काळा भाग म्हणजे माल. माझ्या वर्गात काळा भाग म्हणजे सुटलेली जागा. पायल दोन्ही घरची, पण खूण करताना ती माझ्या वर्गात होती. टेम्पोवाला म्हणाला चूक पोरीची, बघ्यांतला एक म्हणाला मशीनवाल्याची, एक शहाणा म्हणाला शाळेत असलं शिकवतातच कशाला. माझं डोकं फिरलं. "पंचायत नंतर बसवा," मी म्हटलं, "आधी ओंडका उचलायला हात लावा." सगळ्यांनी लावला, त्या शहाण्यानंसुद्धा.

घरी भाऊंनी ओंडका पाहिला. डाव्या हातानं त्या खाचेवरून हात फिरवला. "सोडून दे पोरी," ते म्हणाले. "बंडूले फायबरचा आणू दे." रागावले असते तर बरं झालं असतं. रफीकभाई म्हणाले, "भाऊ, जोड देऊन टाका ना. रंगाच्या खाली कोणाले दिसते?" भाऊंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा न घेताच गेले.

पायल रडली नाही. ती ओंडक्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मॅडम, आता सांगा."

मी काय सांगणार? मला बैल कोरता येत नाही. मला एकच गोष्ट येते, तीच केली. दोरीवरची पांढरी चादर काढली, ओंडक्याच्या मागे धरून बांधली आणि म्हटलं, "बैल विसर. पाय गेला हेही विसर. काय उरलंय त्याचा आकार काढ. खाच काढ, तिच्या पुढचा तुकडा काढ, मागचा काढ."

तिनं काढलं. वहीभर काढलं. मजेची गोष्ट म्हणजे पाय होता तिथं आता जागा होती, आणि जागा असायला हवी होती तिथं लाकूड शाबूत होतं. मानेखालचा मोठा तुकडा तसाच, पोटाखालचाही तसाच. पण त्यातून उभा बैल काही निघेना. बसलेला नंदी काढावा तर मागचे पाय लांब, आणि बसलेला बैल तोरणाखाली नेत नाहीत. पोळा चालून येणाऱ्या बैलाचा.

दुसऱ्या दिवशीही काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला ओढतच नामदेव आबाजींच्या गोठ्यात नेलं. आबाजी भाजीपाला पिकवायचे, बैलजोडी अजून राखून होते. मी पायलला म्हटलं, "बैलाकडे पाहायचं नाही. पोटाखालची जागा काढत राहा, तो बसो, चालो, शेण टाको." सर्ज्या नावाचा पांढरा बैल बसून रवंथ करत होता. पोटाखाली जागाच नव्हती. ती तरी काय काढणार? तेवढ्यात आबाजींनी हाक दिली आणि सर्ज्या उठला.

बैल कसा उठतो हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. घोडा आधी पुढून उठतो. बैल उलटा, आधी मागून. मान पुढे लांब टाकतो, झोका घेतो, मागचे पाय सरळ करतो, आणि क्षणभर पुढच्या गुडघ्यांवरच टेकलेला असतो. मग पुढून उठतो.

"मॅडम!" पायल ओरडली. "तिकोण! पोटाखाली तिकोण झालता. मांगं मोठा, पुढं बंद!"

"काढलास?"

"नाई ना, उठून गेला तो!"

मग काय, सर्ज्याला पुन्हा बसवायचं आणि पुन्हा उठवायचं. बैल आपल्या मर्जीनं बसतो, त्याला कुणी 'बस' म्हणून सांगत नाही. आम्ही वाट पाहायचो, तो बसला की आबाजींना उठवायला लावायचो. दोन-तीन सकाळी हेच चाललं. शेवटी आबाजी वैतागले. "मास्तरीणबाई, माह्या बैलानं काय शाळा बुडवली का? काऊन उठाबशा काढाले लावून राह्यल्या?"

पण पायलला हवं ते मिळालं. तिनं तो तिकोण ओंडक्यावर मांडला. बसला! पोटाखालचं लाकूड शिल्लक होतं म्हणून छाती खाली आणता आली. मानेखालचं लाकूड शिल्लक होतं म्हणून पुढे आलेला गुडघा आणि मागे मुडपलेला खूर त्यातून निघत होता. आरामशीननं पाडलेली खाच त्या गुडघ्यामागे सुटलेली जागा झाली. कुठं जोड नको.

भाऊ म्हणाले, "उठता बैल कोणी कोरला हाय का आजलोक?"

"कोरला नसन बाबा. पण सारे रोज पाह्यते."

भाऊंनी खाट ओंडक्याजवळ ओढून घेतली. त्यानंतर ते डाव्या हातातल्या काडीनं दाखवायचे आणि ती कोरायची. मी शाळा सुटली की जायची. माझं काम एकच, चादर धरायची आणि विचारायचं, "जागा बरोबर आहे का?" पायलचे तळहात सोलून निघाले. फडकं बांधून पुन्हा बसायची. मी म्हटलं, "एक दिवस थांब गं." ती म्हणाली, "फायबरवाला थांबते का?"

बंडूभाऊ पाहायला आले तेव्हा अर्धं काम झालं होतं. ते दारातच थबकले. "माय वं! हा तं पडला हाय! पोळ्याच्या दिवशी पडलेला बैल? गाव मले मारन ना."

"पडला नाई भाऊ, उठून राह्यला," पायल म्हणाली.

"लोकाइले काय माईत उठून राह्यला का पडून राह्यला?"

प्रश्न खरा होता, त्या रात्री मीही तोच घोकत राहिले. पडणारा आणि उठणारा, दोघांचेही गुडघे टेकलेलेच. फरक कुठं असतो? पायल पुन्हा गोठ्यात गेली आणि या वेळी तिनं बैलाच्या पुढची जागा पाहिली. उठताना बैल मान पुढे झोकतो, त्याला समोर मोकळं लागतं. भिंतीला नाक लावून बांधलेला बैल धड उठू शकत नाही, म्हणून शेतकरी दावं बांधताना समोर जागा सोडतो. आबाजींनीच सांगितलं ते. पायलनं मान पुढे लांबवली, मागच्या पायांच्या शिरा ताणून कोरल्या, आणि चाकांची पाटी केली ती बैलापेक्षा बरीच लांब. बैल पाटीच्या मागच्या बाजूला, पुढे नुसती कोरी फळी.

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी बंडूभाऊ रंगारी घेऊन आले. "बरं झालं, पुढं जागा ठेवली. इथं मंडळाचं नाव येईन, बाजूनं कुंड्या, मधात फोटो."

"तिथं काई नाई ठेवाचं," पायल म्हणाली.

"अवं, येवढी जागा रिकामी सोडाची?"

"हो. ते त्याची हाय. मागून नाव लिहा, बाजूनं लिहा, चाकावर लिहा. पुढं खिळा जरी ठोकला तं मी बैल देत नाई."

बंडूभाऊंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ छताकडे पाहत होते. मग बंडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फायबरचा मिळेल का बघा उद्यापर्यंत." मी दुष्ट आहे, मला मान्य आहे. नाव मागून लिहिलं गेलं.

तान्ह्या पोळ्याला पोरांनी बैल ओढत आणला. झूल, घागरमाळ, शिंगांना बेगड. पुढची फळी कोरी. खाट टेम्पोत घालून भाऊंनाही आणलं होतं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. "बसला काय?" "नाई, पडला वाटते." पायल दोरीशी उभी होती, तिचे फडकं बांधलेले हात मी पाहत होते. माझ्या आयुष्यात मी परीक्षेच्या निकालालाही एवढी घाबरले नाही. परीक्षक आले, दोनदा फेरी मारली, वहीत काही लिहिलं आणि पुढे गेले. पहिलं बक्षीस पलीकडच्या वस्तीच्या बैलाला मिळालं. त्याचे डोळे फिरायचे आणि पोटात दिवे लागायचे. पायलचा चेहरा उतरला. बंडूभाऊ म्हणाले, "सांगतलं होतं ना मी," आणि दमल्यासारखे त्या कोऱ्या फळीच्या कडेवर टेकले.

एक म्हातारा नातवाचं बोट धरून आला. आमच्या गावचा नव्हता, वडनेरकडून लेकीकडे आला होता असं नंतर कळलं. नातू पळत जाऊन फळीवर चढला आणि बैलाच्या तोंडासमोर उभा राहिला. म्हाताऱ्यानं बैलाकडे पाहिलं, आणि झटक्यात पुढे होऊन पोराला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"सरक रे! दिसत नाई का, उठून राह्यला तो? शिंग लागन."

बंडूभाऊ फळीवरून टुणकन उठून बाजूला झाले. आपण काय केलं हे त्यांना बाजूला झाल्यावर कळलं. गर्दीतले आणखी दोघं-चौघं मागे सरले, आणि बैलासमोर चांगली ऐसपैस जागा झाली. तिथं मग कुणीच गेलं नाही.

म्हातारा लाकडाला हात लावून म्हणाला, "बापा, लाकडाचा हाय का!" आणि स्वतःशीच हसत राहिला. मी रडले. सांगायला लाज कसली?

बंडूभाऊ थोडा वेळ घोटाळले. मग खाटेपाशी जाऊन वाकून म्हणाले, "भाऊ, शेजारच्या वस्तीवाले विचारून राह्यले. त्याइले पुढच्या साली लाकडाचाच पाह्यजे. काय सांगू?"

गजाननभाऊंनी डावा हात वर करून पायलकडे दाखवला.

"मले काऊन विचारतो बंडू? वाढई तिकडं उभी हाय."